लाल दोरी, निळी दोरी

तळ्याकाठच्या चिसांगा गावात लोती कामांगाला सगळे ‘मापाडी’ म्हणत. त्यात निम्मं कौतुक होतं आणि निम्मी टवाळी. कुणी काही सांगितलं आणि लोतीनं ते जसंच्या तसं मानलं, असं सहसा होत नसे. बायकोनं, एस्नातनं, मासे तळून झाले म्हणून हाक मारली तरी हा आधी कढईत डोकावणार आणि मगच हात धुणार. तिनं त्यावरून पहिली काही वर्षं भांडून पाहिलं, मग नाद सोडला.

ही खोड त्याला दवाखान्यानं लावली होती. एकोणीस वर्षं तो तिथला लशींचा फ्रिज सांभाळत होता. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा दार किलकिलं करून तापमान बघायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यात टिंब काढायचं. त्या एकोणीस वर्षांत एक बाटली वाया गेली नाही, आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगितल्याशिवाय राहत नसे. पुढे दवाखान्यात आपलं तापमान आपणच लिहून ठेवणारा नवा फ्रिज आला. लोतीनं त्याच्याकडे आठवडाभर संशयानं पाहिलं, त्याच्या चुका काढायचा प्रयत्न केला, एकही सापडली नाही, तेव्हा मुकाट्यानं शाळेतली नोकरी धरली.

शाळेत त्याच्या हवाली संगणकाची खोली होती. दहा जुने संगणक, छपरावरची सौर पॅनेल, खालच्या फडताळातल्या बॅटऱ्या आणि दाराची किल्ली. विजेच्या तारा डोंगरापलीकडेच थांबल्या होत्या, त्यामुळे सूर्य देईल तेवढंच. लोतीला ह्या कामात सुख होतं. सकाळी पॅनेलवरची धूळ पुसायची, बॅटऱ्यांचे आकडे वहीत मांडायचे, मधल्या सुट्टीत शाळेच्या आंब्याखाली बावोचे दोन डाव टाकायचे. बावो म्हणजे त्याचा जीव की प्राण. लाकडी पाट, चार ओळी, ओळीला आठ खळगे आणि त्यात फिरणारे चौसष्ट सागरगोटे. पाटाशी बसला की हाच शांत माणूस पोरांसारखा भांडायचा.

एकच गोष्ट त्याला खुपत होती, आणि ती रोज दुपारी अडीचच्या सुमाराला खुपायची.

शाळा दोन वेळची होती. सकाळी ज्यांची नावं सरकारी यादीत लागली ती मुलं. दुपारी दोननंतर त्याच वर्गांत, त्याच बाकांवर, ज्यांची नावं कधी यादीत लागली नाहीत ती माणसं. त्यात होडीवाले होते, दोन लेकुरवाळ्या बाया होत्या, चर्चमधला एक पेटीवाला होता. सकाळच्या मुलांनी साडेसात ते दीड संगणक वापरले की बॅटऱ्या अर्धमेल्या व्हायच्या. दुपारचा वर्ग आत यायचा, चालू असलेल्या संगणकांसमोर बसायचा, लोतीच त्यांना शिकवायला उभा राहायचा, आणि वीस-पंचवीस मिनिटांत फडताळातून बॅटऱ्या संपल्याच्या तीन शिट्ट्या वाजायच्या. मग सगळे पडदे एकदम काळे. ढग असले तर शिट्ट्या त्यांच्या आधीच येऊन बसलेल्या असायच्या. पूर्ण वर्षात दुपारच्या वर्गाला एक धडा अखंड मिळाला नव्हता. आपापलं नाव टाइप करण्यात मात्र सगळे पटाईत झाले होते, कारण रोज सुरुवात तिथूनच करावी लागे.

ह्या दुखण्याचं मूळ लोतीच होता. सहा वर्षांपूर्वी शाळेनं जुने संगणक निवडायला त्यालाच म्झुझूला पाठवलं होतं. तिथे दुकानात, शहराच्या विजेवर, मनगटावरचं घड्याळ बघत त्यानं एकेक यंत्र तपासलं आणि सगळ्यांत चपळ निघाली ती दहा उचलली. ती इकडे आणून उन्हावर लावली तेव्हा कळलं की ह्यांची भूक अफाट आहे. कुणी त्याला त्याबद्दल बोललं नाही. पण तक्त्यात एकोणीस वर्षं टिंबं काढणाऱ्या माणसाला कुणी बोलायची गरज नसते.

दुपारच्या वर्गात त्याला सगळ्यांत धाक वाटायचा तो न्यालोंग्वेचा. बायकांना माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारायची इथली रीत, त्यामुळे तिचं पाळण्यातलं नाव बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. अडतिशीची बाई. पहाटे किनाऱ्यावर उसिपा नावाचे बारीक मासे वाळत घालायची, मधल्या सुट्टीत शाळेत गरम मंडासी, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, विकायची आणि दोनच्या घंटेला रिकामी पाटी धुऊन वर्गात हजर व्हायची. मासे वाळवणाऱ्या बायकांच्या गटासाठी तिला जिल्ह्याच्या कचेरीला एक पत्र लिहायचं होतं. जमिनीवर मासे वाळवले की वाळू लागते, कोंबड्या नेतात. त्यांना उंच मांडव हवे होते. हातानं लिहिलेलं पत्र तिनं एकदा पाठवलं होतं, त्याला उत्तर आलं नाही. छापील पत्राला उत्तर द्यावंच लागतं, असं तिचं ठाम मत होतं. ‘आम्ही चिसांगाच्या मासे वाळवणाऱ्या सव्वीस बायका’ ही पहिली ओळ तिनं इतक्या वेळा टाइप केली होती की साऱ्या वर्गाला ती तोंडपाठ होती. जपून ठेवलेलं कधी दुसऱ्या दिवशी सापडायचं, बऱ्याचदा नाही. एकाएकी मरून मरून त्या जुन्या यंत्रांची स्मरणशक्ती गेली होती.

अशात त्या वर्षी नवीन दहा संगणक घ्यायचं ठरलं, आणि म्झुझूच्या दुकानदारानं नमुन्याला दोन पाठवून दिले. साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे, दिसायला जुळे भाऊ. आतलं सगळं सारखं, फरक फक्त प्रोसेसरचा. दोन्ही कमी विजेवर चालणारे म्हणून नावाजलेले. हवा तो ठेवा, त्याचे आणखी नऊ पाठवतो, पण पुढच्या शुक्रवारच्या होडीनं निरोप द्या, असं त्यानं कळवलं होतं. ओळखू यावेत म्हणून लोतीनं जाळ्याची दोरी घेतली आणि एकाला लाल बांधली, एकाला निळी.

हेडमास्तर हारावा सरांनी दोन्ही एकदा चालू करून पाहिले आणि पाच मिनिटांत त्यांचा निकाल लागला. लाल चटकन उघडत होता. गेल्या वर्षी जिल्ह्याहून आलेल्या साहेबांसमोर जुना संगणक उघडेपर्यंत साहेबांचे दोन कप चहा पिऊन झाले होते, तो प्रसंग सरांच्या मनातून गेला नव्हता.

“लाल मागवा,” सर म्हणाले.

“मोजून मागवू या, सर,” लोती म्हणाला.

“मोजा. तुम्ही मोजल्याशिवाय थोडेच ऐकणार आहात.”

मोजायचं कशानं, हा प्रश्न लोतीला पडलाच नाही. वेझी नावाची शाळेची एक जुनी विद्यार्थिनी म्झुझूला संगणकाचं शिकत होती. तिनं बावो खेळणारा एक प्रोग्राम लिहून लोतीला भेट दिला होता. वर्षभर तो त्याच्याशी खेळून हरत होता आणि यंत्र लबाडी करतं असं सगळ्यांना सांगत होता. आता त्यानं तो दोन्ही नमुन्यांवर चढवला आणि प्रत्येकाला स्वतःशीच खेळायला बसवलं. प्रत्येक चालीआधी पाच चाली पुढचं बघायचं, मगच गोटे उचलायचे. डाव तोच, चाली त्याच. ज्याचं डोकं जलद चालेल त्याचा डाव आधी संपेल.

ही बातमी आंब्याखाली पोचली आणि बावोवाले पाट सोडून संगणकाच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. त्यांचा म्होरक्या म्हातारा अमोसी, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं सगळे त्याला ‘आदा’ म्हणत. त्याची जीभ गोट्यांपेक्षा जास्त चालायची.

“हा निळा झोपला काय रे?” अमोसीनं विचारलं.

“विचार करतोय,” लोती म्हणाला.

“गोटे उबवतोय म्हण. थोड्या वेळानं पिल्लं निघतील त्यातून.”

“अमोसी आदा, जरा गप्प बसा. मोजू द्या.”

“तुझ्या बापानं असा वेळ लावला असता तर मी त्याला पाटावरून उठवला असता. आणि तो बिचारा उठलाही असता. भला माणूस होता.”

लोतीला हे पटत होतं. बावोच्या पाटाशी रेंगाळणाऱ्याला कुणी खेळाडू म्हणत नाही. हात उचलला की गोटे पडत गेले पाहिजेत, एकापाठोपाठ, आणि बघणाऱ्यानं मोजायच्या आत चाल संपली पाहिजे. तासाभरानं हिशेब निघाला. लालचे चाळीस डाव झाले होते, निळ्याचे एकोणीस. अमोसीनं खिडकीच्या गजातून हात घालून लालची पाठ थोपटली आणि लगेच मागे घेतला, कारण डबा चांगलाच तापला होता.

“झालं समाधान?” हारावा सरांनी विचारलं.

“हे पळण्याचं माप झालं, सर. खाण्याचं राहिलंय.”

सहा वर्षांपूर्वीची चूक तो पुन्हा करणार नव्हता. दवाखान्यातल्या जुन्या फ्रिजच्या दोन सारख्या बॅटऱ्या त्यानं मागून आणल्या, दिवसभर उन्हात काठोकाठ भरल्या आणि एकेका नमुन्याला एकेक जोडली. पॅनेलची मदत नाही, कुणाची नाही. आपापली शिदोरी संपेपर्यंत खेळा. डाव संपला की त्या त्या यंत्रासमोर ठेवलेल्या डब्यात मक्याचा एक दाणा टाकायचा. मनातून त्याला निळा जिंकायला हवा होता. पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यानं दोघांवरही हात ठेवून पाहिला होता; लाल फणफणलेला, निळा जेमतेम कोमट. जो तापतो तो जास्त खातो, हे फ्रिज सांभाळणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

लाल चार तासांतच गेला. निळा सात तास खेळत राहिला. लोतीनं खुशीत शीळ घालत दाणे मोजायला घेतले. लालच्या डब्यात एकशे अडुसष्ट निघाले. निळ्याच्या डब्यात एकशे पस्तीस.

त्यानं पुन्हा मोजले. मग बॅटरीतच खोट असेल म्हणून दुसऱ्या दिवशी त्या उन्हात भरल्या, तिसऱ्या दिवशी अदलाबदल करून लावल्या आणि सगळं पुन्हा केलं. एकशे पासष्ट आणि एकशे सदतीस. लाल जास्त खात होता, पण काम त्याहून जास्त करत होता. एका शिदोरीत तोच पुढे होता.

दुसरा कुणी असता तर त्यानं इकडचे चार दाणे तिकडे केले असते. लोतीनं टिंब कधी हवं तिथे काढलं नव्हतं, जिथे पडलं तिथेच काढलं होतं. बुधवारी सकाळी त्यानं चिठ्ठीचा कागद पुढे ओढला आणि लिहिलं, ‘लाल पाठवावेत.’ खाली सही मात्र त्याच्यानं होईना. आकडे खरे होते. दोनदा मोजलेले होते. तरी चपलेत खडा राहावा तसं काहीतरी टोचत होतं आणि ते काय आहे हे कळत नव्हतं. तो पेन तसंच ठेवून आंब्याखाली गेला आणि अमोसीकडून दोन डाव लागोपाठ हरला.

मधल्या सुट्टीत न्यालोंग्वे मंडासीची पाटी घेऊन आली.

“काय लोती आदा, कोण जिंकलं म्हणे?”

“लाल.”

“मग आता दुपारी आम्हाला वीज पुरेल ना?”

लोतीनं मंडासी हातात घेतली, ती ह्या हातातून त्या हातात केली. “एका बॅटरीत लाल जास्त डाव खेळतो,” तो म्हणाला.

“मी डावाचं विचारलं नाही. विजेचं विचारलं.”

“तेच सांगतोय. दोन वेळा मोजलं मी.”

“आदा, आम्ही दुपारी तिथे बसून बावो खेळतो का?”

अमोसी फिस्सकन हसला.

“मी एक अक्षर शोधत असते,” न्यालोंग्वे म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे मला किती वेळ लागतो ते. हसू नका, माहीत आहे. तेवढ्या वेळात तो तुमचा लाल काय करतो?”

“वाट बघतो.”

“वाट बघताना खातो की उपाशी बसतो?”

लोतीनं संगणकाच्या खोलीकडे वळून पाहिलं.

“घरी माझ्या दोन चुली आहेत,” ती पाटी खाली ठेवत म्हणाली. “एक तीन दगडांची, मोठी. एक मातीची शेगडी. मोठीवर कढईभर मंडासी बघता बघता निघतात. शेगडीवर मला ताटकळत बसावं लागतं. लग्नाचं काम असलं, पीठ आधीच मळून गोळे तयार असले, तर मोठीला तोड नाही. लाकूडसुद्धा कमी लागतं. पण रोज मी एकटी. मी मळणार, मीच गोळे करणार, मध्येच गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी बोलणार. तेवढ्यात मोठी चूल थांबते का? ती आपली जळतेच आहे, कढई रिकामी असली तरी. म्हणून रोजची मी शेगडी पेटवते. आठ वर्षं माझी मंडासी खाताय, आणि मोजायला सगळ्या जगाचं मोजता.”

“मंडासी खाताना चुलीचा विचार कोण करतो, न्यालोंग्वे?” लोती कसाबसा म्हणाला.

“जिला लाकडं आणावी लागतात ती करते.”

त्याला एकदम सगळं दिसलं. त्यानं दोघांनाही बावोवाल्याच्या डोळ्यांनी मोजलं होतं. पाटाशी कुणी थांबत नाही, म्हणून थांबण्याला काय लागतं हे मोजायचं त्याला सुचलंच नाही. आणि त्याच्या खोलीत तर दिवसभर सगळे थांबतच होते. तो उठला, चिठ्ठी फाडली आणि हारावा सरांच्या खोलीत गेला.

“तिसरं माप?” सर खुर्चीत मागे रेलले. “परवा होडी जाते आहे, कामांगा. आणि हे एक मंडासीवाली सांगते म्हणून?”

“दुपारच्या वर्गातली विद्यार्थिनी सांगते म्हणून, सर.”

सरांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. दुपारी दीडला सायकल काढून घरी जायची त्याची वर्षानुवर्षांची सवय होती, एवढंच. “उद्याचा दिवस घ्या,” ते म्हणाले. “मला शिक्षकांचं वेळापत्रक टाइप करायचं आहेच. मीही तुमच्या लालवर बसतो. बघू कोण थांबतं ते.”

गुरुवारी साडेसातला दोन्ही नमुने काठोकाठ भरलेल्या बॅटऱ्यांवर चालू झाले. खेळ नाही, दाणे नाहीत. फॉर्म थ्रीच्या वर्गातली मुलं पाळीपाळीनं बसून रोजचाच धडा करत होती. लोती घड्याळ घेऊन मागे उभा राहिला आणि ह्या वेळी त्यानं यंत्राकडे न बघता माणसांच्या बोटांकडे पाहिलं. एक मुलगी ‘क’ शोधत होती. एक मुलगा शेजाऱ्याशी भांडत होता. गुरुजी फळ्यावर काहीतरी सांगत होते आणि दोन्ही यंत्रं ऐकून घेतल्यासारखी नुसती बसली होती. तासाभरात त्यांना खरंखुरं काम चार मिनिटांचंसुद्धा पडलं नाही. सहा वर्षं ह्या खोलीत उभं राहून आपण काय पाहिलं, असं त्याला वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

एक वाजता मुलांनी सरांसाठी जागा मोकळी केली आणि हारावा सर लालसमोर बसले. दोन बोटांनी, चष्मा कपाळावर घेऊन, सर वेळापत्रक टाइप करत होते. सोमवार, मंगळवार, बुधवार झाले. गुरुवारचा गणिताचा तास कुठे घालावा ह्याचा ते बराच वेळ विचार करत बसले. तेवढ्यात शिटी वाजली. एक, दोन, तीन, आणि पडदा काळा झाला.

सरांची बोटं तशीच वर राहिली. “काय झालं?”

“बॅटरी संपली, सर. दोनला दहा कमी आहेत.”

“आणि माझा बुधवार?”

“गेला. सोमवारही गेला.”

सरांनी मान वळवली. दारात दुपारचा वर्ग येऊन उभा होता. अकरा जण, वह्या छातीशी धरून. कुणी हसत नव्हतं. उलट, ज्यांच्या घरी तसंच झालेलं असतं अशा माणसांनी भेटायला यावं, तसे ते त्यांच्याकडे बघत होते.

“ह्यांचं रोज असं होतं?” सरांनी हळूच विचारलं.

“रोज,” लोती म्हणाला.

शेजारी निळा शांतपणे चालू होता. सर खुर्चीवरून उठले, पण सायकलकडे गेले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले.

त्या दुपारी दुपारच्या वर्गानं जुन्या दहांकडे पाहिलंच नाही. सगळे निळ्याभोवती जमले आणि पाळीपाळीनं बसले. अडीच वाजले. सवयीनं सगळ्यांनी मान वर करून फडताळाकडे पाहिलं. तिथून जुन्यांच्या शिट्ट्या वाजल्या, दहा पडदे काळे झाले आणि अकरावा तसाच उजळ राहिला. पेटीवाल्यानं एका चर्चगीताचं पूर्ण कडवं टाइप केलं आणि खाली स्वतःचं नाव घालायच्या आधी दोनदा विचार केला. एका होडीवाल्यानं पहिल्यांदाच दुसरी ओळ गाठली आणि पुढे काय लिहायचं हे आपण ठरवलंच नाही असं त्याच्या लक्षात आलं. तीन वाजले, चार वाजले. लोती दर अर्ध्या तासानं बॅटरीचा आकडा वहीत मांडत होता.

न्यालोंग्वेची पाळी शेवटची. ‘आम्ही चिसांगाच्या मासे वाळवणाऱ्या सव्वीस बायका’ एवढं तिनं न बघता टाइप केलं. तिथून पुढे मात्र तिला रस्ता माहीत नव्हता. एकेक अक्षर शोधत, मध्येच थांबून शेजारणीला विचारत, तिनं वाळू लिहिली, कोंबड्या लिहिल्या, मांडव किती लांब आणि किती उंच हवेत ते लिहिलं. निळा थांबला. ती जेवढा वेळ थांबली तेवढा वेळ तोही थांबला. पाचला पाच कमी असताना तिनं खाली आपलं नाव घातलं. कुळाचं नाही, पाळण्यातलं. मग लोतीनं सांगितल्याप्रमाणे पत्र जपून ठेवलं, बंद केलं, पुन्हा उघडून पाहिलं. ते तिथेच होतं, शेवटच्या टिंबासकट.

बाहेर कुणीतरी लटकवलेल्या लोखंडी चाकावर हाणून पाचची घंटा वाजवली. सर भिंतीपासून सुटे झाले, टेबलावरचा कोरा कागद लोतीपुढे सरकवला आणि म्हणाले, “लिहा निळा. साहेबांना बाहेर चहा देऊ, तोवर उघडेल.”

लोतीनं लिहिलं, सरांनी सही केली. होडीचं काम झालं. लोतीनं किल्ली काढली आणि न्यालोंग्वेला म्हणाला, “चल, बंद कर आता.”

ती पडद्याकडे बघत बसली. “कसा?”

“म्हणजे काय, कसा?”

“म्हणजे कसा बंद करतात?”

तो चिडून काहीतरी बोलणार होता, पण त्यानं बाकीच्यांकडे पाहिलं. अकराच्या अकरा जणांचा चेहरा तोच. होडीवाल्याचा तोच, पेटीवाल्याचा तोच. वर्षभरात त्यानं त्यांना अक्षरं मोठी करायला शिकवलं होतं, ओळीत अंतर सोडायला शिकवलं होतं. हे कधी शिकवलं नव्हतं, कारण ह्याची कधी वेळच आली नव्हती. त्यांच्या समोर संगणक आला तो चालू, आणि गेला तो आपला आपण. त्यानं खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसला आणि कुठे दाबायचं ते बोटानं दाखवलं.

तिनं दाबलं. नक्की बंद करायचा का, असं पडद्यानं विचारलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि “हो,” असं त्याला तोंडानंही सांगितलं. पडदा मंदावला आणि शांत झाला. शिटी नाही, काही नाही.

“पुन्हा लावा, आदा,” न्यालोंग्वे उठत म्हणाली.

“कशाला? झालं की तुझं.”

“माझं झालं. ह्यांचं राहिलंय.”

तिच्या मागे रांग लागलेलीच होती. लोतीनं घड्याळात पाहिलं, मग बॅटरीकडे पाहिलं. होतं अजून थोडं. त्यानं निळा चालू करायला शिकवलं, मग बंद करायला शिकवलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. निळा उघडायला वेळ लावायचा आणि रांगेतल्या कुणालाही घाई नव्हती. हारावा सर दारात सायकल धरून उभे होते, ते गेले नाहीत. शेवटचा हात पडला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि तळ्यावरचं ऊन पिवळं झालं होतं. लोतीनं वही उघडली आणि त्या दिवसाच्या ओळीत, नीट बंद झाला त्या प्रत्येक वेळेचं एक, अशी अकरा टिंबं काढली.